टालिनहून स्टॉकहोम, मॉस्को वगळून

वैके या नावाचा अर्थ शांत. नाव ठेवताना आईबापाला काय कल्पना! टालिनच्या रस्त्यांवर वैके लेपनरची ट्राम आली की डोळे मिटून ओळखू यायची. रुळावर कोणी मोटार उभी करून दुकानात शिरला, तर तो धावत बाहेर येईपर्यंत ती घंटेवरचा पाय काढत नसे. एकदा कम्युनिस्ट पक्षातल्या एका बड्या साहेबाची काळी मोटार अशीच आडवी उभी होती. साहेबाचा ड्रायव्हर खिडकीशी येऊन गुरकावला, "बाई, ही गाडी कुणाची आहे माहितेय का?"

"माहितेय," वैके म्हणाली, "ज्याला रूळ दिसत नाहीत त्याची."

डेपोत तिला लेखी ताकीद मिळाली. त्या ताकिदीच्या कागदात तिनं दुपारचा काळा पाव आणि खारवलेला मासा गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मार्गावर निघाली.

अशी ही बाई सत्त्याऐंशी सालच्या वसंतात परदेशी परवान्याच्या कचेरीत बसली होती. समोर कॉम्रेड पास नावाचा अधिकारी. माणूस आपल्यातलाच, एस्टोनियन. पण खुर्ची मॉस्कोच्या सरकारची, म्हणून भाषा कधी आपली तर कधी त्यांची. वैके गेली पंचवीस वर्षं जवळजवळ दर वर्षी त्याच्यासमोर किंवा त्याच्या आधीच्यासमोर बसत आली होती. मागणी एकच : स्टॉकहोमला भाऊ आहे, त्याला भेटायचंय. उत्तरही एकच : प्रवास आवश्यक वाटत नाही.

त्या दिवशी मात्र पासचा चेहरा एखाद्या यजमानासारखा फुलला होता.

"अभिनंदन, कॉम्रेड लेपनर. मंजूर!"

वैकेनं कागद वाचला. परत वाचला. मग तो टेबलावर ठेवला आणि बोटानं त्याच्याकडे सरकवला.

"यात मॉस्को लिहिलंय."

"मग? विमान तिथूनच सुटतं. इथून मॉस्को, मॉस्कोहून स्टॉकहोम. सगळे तसेच जातात."

"स्टॉकहोम कुठल्या दिशेला आहे?"

"बाई, मी भूगोलाचा मास्तर नाही."

"पश्चिमेला आहे. तुमच्या या खिडकीतून समुद्र दिसतो, त्याच्या पलीकडे. चारशे किलोमीटरसुद्धा भरत नाही. विमानाला जेमतेम तास लागेल. आणि तुम्ही मला आधी नऊशे किलोमीटर उलटं नेणार, आणि मग तिथून आमच्याच छपरावरून पश्चिमेला नेणार. हा कुठला द्राविडी प्राणायाम?"

"तुम्हाला भावाला भेटायचंय की माझ्याशी वाद घालायचाय?"

"भावाला भेटायचंय. मॉस्कोला भेटायचं नाही."

पासनं दाराकडे पाहिलं, ते बंद आहे याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "वैके, वेडेपणा करू नका. परत असा कागद मिळेलच असं नाही. जहाजाचं म्हणाल तर हेलसिंकीचं जहाज फिनलंडहून इथं दारू प्यायला येणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या परवान्यावर ते चालणार नाही. दोन तास मॉस्कोच्या बाकड्यावर बसा, डोळे मिटून घ्या. काय बिघडतं?"

"आमच्या घरातलं एक माणूस पूर्वेला गेलंय," वैके उठत म्हणाली, "ते आलं की मग मी जाईन."

ते माणूस म्हणजे तिचा बाप. एकेचाळीसच्या जूनमध्ये रशियनांनी त्याला घरातून उचलून गुरांच्या डब्यात घातलं होतं. वैके तेव्हा अकरा वर्षांची. आईनं त्याच्यासाठी लोकरीचे मोजे आणि डुकराच्या चरबीचा तुकडा घेऊन स्टेशन गाठलं, तोवर डब्यांना कड्या लागल्या होत्या. गाडी पूर्वेला गेली. पुढं कधीतरी एक ओळ आली, की अमुक ठिकाणी मृत्यू. कबर नाही, काही नाही. त्या दिवसानंतर वैके पूर्वेला जाणाऱ्या कुठल्याही गाडीत बसली नव्हती. डेपोनं उत्तम कामाबद्दल लेनिनग्राडची सहल दिली, तेव्हाही ती घरी बसून खिडक्यांना रंग देत होती.

भावाची गोष्ट वेगळी. एंडेल तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात जर्मन निघाले होते आणि रशियन यायचे होते; दोघांनाही सतरा वर्षांची पोरं बंदुकीसाठी हवी होती. आईनं त्याला किनाऱ्यावर नेलं. मच्छीमारांच्या होडीत माणसं खेचाखेच भरलेली. होडीवाला म्हणाला, दाबून बसलात तर तिघंही मावाल. पण घरी आजी अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून आई कशी जाणार? आणि आईला टाकून वैके कशी जाणार? एंडेल एकटा चढला. वैकेनं त्याला स्वतःची टोपी दिली. ती बायकी टोपी घालून तो बसला आणि आई रडता रडता हसली. होडी स्वीडनच्या गोटलंड बेटाला लागली हे त्यांना बारा वर्षांनी, पहिलं पत्र येऊ दिलं गेलं तेव्हा कळलं.

एंडेल स्टॉकहोमला घड्याळं दुरुस्त करायला शिकला, गुनव्हर नावाच्या स्वीडिश बाईशी लग्न केलं, स्वतःचं दुकान टाकलं. पण त्यानं एक शपथ घेतली होती. मायदेशी यायचं तर सोव्हिएत वकिलातीत जाऊन व्हिसा मागायचा, म्हणजे आपला देश त्यांचा झाला हे कबूल करायचं. ते तो करणार नव्हता. एकाहत्तर साली आई गेली तेव्हाही त्यानं ते केलं नाही. फक्त तार आली. वैकेनं ती तार आईच्या शवपेटीत ठेवली आणि वर झाकण लावताना इतकंच म्हणाली, "घे. तुझा लेक आला."

म्हणजे गणित असं होतं, की बहीण मॉस्कोवरून जाणार नाही आणि भाऊ मॉस्कोच्या शिक्क्यानं येणार नाही. मधे समुद्राचा एक पट्टा. वैकेच्या घरी फिनलंडचा टीव्ही लागायचा. हवामानाच्या नकाशावर टालिन आणि स्टॉकहोम यांच्यावर एकच ढग पसरलेला दिसला की ती त्या पडद्याकडे बघत म्हणायची, "याला कोण परवाना देतं?"

वैकेनंच परवाना नाकारल्याचं ऐकल्यावर तिची लेक टीऊ भडकली. टीऊ शाळेत संगीत शिकवायची. आवाज आईवर गेला होता.

"आई, मामाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालीय! गुनव्हरमामीनं स्पष्ट लिहिलंय. आणि तू म्हणतेस मॉस्को नको?"

"नको."

"तो गेला म्हणजे?"

वैके बटाटे सोलत होती. सुरी थांबली नाही. "तो गेला तर मी रडेन. पण त्यांनी दाखवलेल्या वाटेनं जाऊन रडणार नाही."

"हा अभिमान नाही, आई. हा नुसता हट्ट आहे."

"असेल. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

टीऊ दार आपटून गेली आणि वर्षभर आली नाही. पहिल्या महिन्यातच वैकेचं वजन पाच किलोनं घटलं हे डेपोतल्या बायकांनी पाहिलं. रविवारी ती चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसायची. देवावर तिचा फारसा विश्वास नव्हता, पण तिथं कोणी काही विचारत नसे.

मग एंडेलचा फोन आला. म्हणजे तसा सरळ येत नसे; मुख्य टपाल कचेरीत वेळ ठरवून जायचं, काचेच्या कोठडीत उभं राहायचं. आवाजही मॉस्कोवरूनच फिरून यायचा, आणि वाटेत कोणीतरी ऐकत असायचं.

"तू नाही म्हणालीस?" एंडेलचा आवाज फाटका येत होता. "पंचवीस वर्षं मागितलंस आणि दिल्यावर नाही म्हणालीस?"

"मी स्टॉकहोम मागितलं होतं. त्यांनी मॉस्को दिलं."

"वैके, मी आजारी माणूस आहे! दोन तास तिथं बसलीस तर झिजशील?"

"मग तू ये."



"ते वेगळं आहे," एंडेल म्हणाला.

"काय वेगळं आहे?"

"तो तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आणि माझा काय, पोटदुखीचा?" वैकेनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "अहो मॉस्कोतल्या बाई, ऐकताय ना? तुम्हीच सांगा, आमच्या दोघांत जास्त गाढव कोण?"

फोन तुटला. तो एंडेलनं ठेवला की मॉस्कोनं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्या रागातच तिला एक काम सुचलं. दर शुक्रवारी पाळी संपली की ती गणवेशातच विमान तिकिटांच्या खिडकीशी जायची. तिथं मारेट नावाची एक तरुणी बसायची.

"स्टॉकहोम. सरळ."

"तसं विमान नाही, बाई."

"मग कधी येणार?"

"मला काय माहीत?"

"वरच्यांना विचारा. गिऱ्हाईक विचारत होतं म्हणून सांगा."

पहिल्या काही शुक्रवारी मारेटनं तोंड वाकडं केलं. मग ती हसायला लागली. मग वैके दिसली की आपणच सांगायची, "नाही हो, आजही नाही." रांगेतले लोक चेष्टा करायचे. डेपोत तर बातमी पसरलीच; जुना मेकॅनिक युहान तिची ट्राम बाहेर काढताना ओरडायचा, "चला, कोपली, बंदर, स्टॉकहोम! उतरणाऱ्यांनी पोहता येतंय का पाहून घ्या!" वैके त्याला चिडायची नाही. फक्त एकदा म्हणाली, "हस तू. न मागितलेली गोष्ट कुणी देत नसतं. मागून मागून तरी लाज वाटेल त्यांना."

त्यांना लाज वाटली की नाही कोण जाणे, पण दिवस बदलत होते. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात लोक हजारोंनी मैदानात जमून बंदी असलेली देशाची गाणी गाऊ लागले. लपवलेले आपल्या देशाचे निळे-काळे-पांढरे झेंडे माळ्यांवरून खाली आले. टीऊ आपल्या शाळेच्या मुलांना घेऊन गायला गेली आणि परत येताना आईकडे शिरली. टेबलाशी बसून म्हणाली, "भूक लागलीय." वैकेनं तिला वाटाण्याचं सूप वाढलं. आईलेकीचा समेट एवढाच.

एकोणनव्वदच्या शरदात एक दिवस डेपोत फोन आला. वैकेला बोलावून घेतलं. पलीकडे मारेट होती, आणि ती चक्क ओरडत होती.

"आलं! सरळ विमान! आज शुक्रवार नसला तरी तुम्ही या!"

वैके लगेच खिडकीकडे गेली नाही. आधी पासच्या कचेरीत गेली. पास दोन वर्षांत बराच उतरला होता. भिंतीवरची पुढाऱ्याची तसबीर काढली होती, तिथं फक्त फिकट चौकोन उरला होता.

"टालिन ते स्टॉकहोम," वैके म्हणाली. "मधे काही नको."

पासनं लिहून घेतलं. मग जरा चाचरत म्हणाला, "एक अडचण आहे. स्वीडनचा शिक्का अजून मॉस्कोतल्या वकिलातीतच मिळतो. पासपोर्ट तिकडे पाठवावा लागेल. नुसता पासपोर्ट. तेवढं चालेल ना?"

वैकेनं विचार केला. "जाऊ दे त्याला. त्याचा बाप कुठं गेलाय तिकडं."

पास हसला नाही. शिक्का मारून त्यानं कागद पुढं केला आणि उभा राहिला. अशा कचेरीत कोणी तिच्यासाठी उभं राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

विमानात ती खिडकीशी बसली. जन्मात पहिल्यांदाच विमान. शेजारचा स्वीडिश व्यापारी वर्तमानपत्र वाचत होता. खाली राखाडी पाणी, मग बेटं, मग परत पाणी. हवाईसुंदरीनं कॉफी आणली. ती धड प्यायच्या आत कान दुखायला लागले आणि खाली जंगलात लाल रंगाची लाकडी घरं दिसू लागली. वैकेला वाटलं काहीतरी बिघडलं म्हणून खाली उतरतोय. शेजाऱ्याला तिनं खुणेनं विचारलं. त्यानं वर्तमानपत्र घडी करत एकच शब्द उच्चारला : "स्टॉकहोम."

आणि मग इतकी वर्षं न रडलेली ही बाई त्या अनोळखी माणसाशेजारी ढसाढसा रडली. आनंदानं नव्हे, संतापानं. एवढंसं अंतर! कॉफी गार होईना एवढंसं! आई त्याच्या नावानं झुरून गेली ती एवढ्याशा अंतरासाठी!

विमानतळावर एंडेल काठी टेकून उभा होता. टक्कल पडलेला, वाळलेला, कोट अंगावर लोंबणारा. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. गुनव्हरला वाटलं आता ही दोघं किती वेळ अशीच राहतील. पण मोटारीत बसेपर्यंतसुद्धा त्यांचं प्रेम टिकलं नाही.

"आई गेली तेव्हा तू आला नाहीस," वैके म्हणाली. एवढ्या वर्षांनंतरचं तिचं हे पहिलं धड वाक्य.

"त्यांच्या वकिलातीत टोपी काढून उभा राहिलो असतो, तर आईनं मला दारात घेतलं नसतं."

"आई मेली होती, एंडेल. तिनं कुणालाही घेतलं असतं."

एंडेलचा चेहरा उतरला. मग तो फणकारला, "आणि तू? मी इस्पितळात मरत होतो तेव्हा?"

"मरत होतास तर मेला का नाहीस?"

"तुझी वाट बघत होतो, म्हशी!"

गुनव्हरला त्यांची भाषा येत नव्हती. ती घाबरून गाडी चालवत होती. मागं वळून पाहिलं तर दोघं एकमेकांचे हात घट्ट धरून बसलेली, आणि तोंडानं भांडण चालूच.

महिनाभर वैके तिथं राहिली. जायच्या आठवड्यात एंडेलनं विषय काढला. खोली तयार आहे, कागदपत्रं करणारा ओळखीचा माणूस आहे. "राहा इथंच. त्या ट्राममध्ये काय ठेवलंय? उद्या परत सगळं बंद झालं तर? परत दार लागलं तर?"

"तर मी आतल्या बाजूनं ठोकत बसेन."

"वैके!"

"मी पळून यायला विमानात बसले नव्हते. ते विमान दोन्ही बाजूंनी चालतं हे त्यांना दाखवायला बसले होते. मी इथं राहिले तर पास म्हणेल, बघा, म्हणूनच सोडत नव्हतो."

ती ठरल्या दिवशी परतली. सोमवारी तिच्या ट्रामची घंटा पुन्हा रस्त्यावर वाजली. युहाननं विचारलं, "काय गं, कसं आहे स्टॉकहोम?" ती म्हणाली, "जवळ आहे."

एक्क्याण्णवच्या ऑगस्टात देश पुन्हा आपला झाला, आणि ऑक्टोबरात एंडेल आला. नव्या शिक्क्यानं. वैकेनं कपाटाचा अर्धा भाग त्याच्यासाठी रिकामा करून ठेवला होता. अर्धं कपाट म्हणजे चार दिवसांच्या पाहुण्यासाठी नव्हे, हे टीऊला कळलं. एंडेलनं आईच्या कबरीवर जाऊन फुलं ठेवली, गावचं घर शोधलं, तिथं दुसरेच लोक राहत होते. जिने चढताना त्याला धाप लागायची, कॉफी कडू लागायची, रस्त्यांची जुनी नावं विचारली तर तरुणांना ठाऊक नसायची. दहाव्या दिवशी न्याहारीला तो पावावर लोणी लावता लावता सहज म्हणाला, "आता घरी जायला हवं मला."

बोलला आणि स्वतःच दचकला. टीऊनं मान खाली घातली.

"म्हणजे... स्टॉकहोमला," तो पुटपुटला.

वैकेनं किटली उचलली, त्याचा कप भरला. "घरच म्हण ना. सत्तेचाळीस वर्षं राहिलास, मग काय ते हॉटेल होतं? घरी जा. आणि पुढच्या उन्हाळ्यात ये. कपाट रिकामंच आहे."

तो आला. पुढचे चार उन्हाळे आला, दर वेळी भांडून परत गेला. पाचव्या उन्हाळ्याच्या आधी, मार्चमध्ये, सकाळीच गुनव्हरचा फोन आला. आता फोनही सरळ लागायचा. गुनव्हर मोडक्यातोडक्या एस्टोनियनमध्ये म्हणाली, "हृदय. इस्पितळ. ये."

वैके तेव्हा पासष्टची होती, ट्रामची नोकरी संपली होती. पासपोर्टवर स्वीडनचा शिक्का होताच; तिनं कोट घातला, पिशवीत काळा पाव टाकला आणि विमानतळावर गेली. दुपारचं जेवण वाढायच्या सुमारास ती स्टॉकहोमच्या इस्पितळात, एंडेलच्या खाटेपाशी होती. तो जागा होता. नाकात नळी, ओठ निळसर. तिला पाहून त्यानं बोट हलवलं. तिनं ते धरलं.

पांढऱ्या कपड्यातली नर्स आत आली. घड्याळाकडे बोट दाखवून तिनं स्वीडिशमध्ये काहीतरी सांगितलं. भेटीची वेळ संपली, असं असणार. वैकेला ती भाषा येत नव्हती आणि यायला नकोही होती. कोपऱ्यातली खुर्ची तिनं दोन्ही हातांनी ओढत, फरशीवर मोठा आवाज करत, खाटेला अगदी भिडवली, आणि तिच्यावर बसून तिनं कोटाची बटणं काढायला सुरुवात केली.